फुटलेली काडतुसे, न सुटलेल्या गोळ्या : सहकारनगरातील एका आगीचा अभ्यास

पुण्याच्या सहकारनगरातील एका चार मजली सोसायटीत, मे महिन्यातल्या एका दुपारी, तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेच्या शयनगृहाला आग लागली. भिंतीतल्या लाकडी कपाटामागून गेलेल्या जुन्या वायरिंगमध्ये ठिणगी पडली आणि आधी कपाटातले कपडे, मग गादी, मग पडदे पेटत गेले. घरात त्या वेळी फक्त ब्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना काठीशिवाय उठता येत नाही, आणि त्या मागच्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशी दूध आणायला खाली गेल्या होत्या, मुलगा आणि सून आपापल्या कामावर होते.

धूर दिसताच समोरच्या सदनिकेतले दोन तरुण जिन्यातली अग्निशामक नळकांडी घेऊन धावले आणि त्यांनी दाराची कडी तोडली. दार उघडल्यावर दिसलेले दृश्य दोघांनीही मला नंतर स्वतंत्रपणे सांगितले आणि दोघांचे वर्णन जुळते : दिवाणखान्यात धूर होता, पण तो छताला लागून होता, खाली वाकून चालता येत होते, आणि आजींच्या खोलीकडे जाण्यासाठी जळत्या खोलीत शिरावे लागत नव्हते, तिच्या दारावरून चार पावले पुढे जावे लागत होते. ते आत पाऊल टाकणार तेवढ्यात जळत्या खोलीतून ठो असा आवाज आला, मागोमाग दुसरा, थोड्या वेळाने तिसरा. जिन्यात जमलेल्यांपैकी एका वयस्क शेजाऱ्यांना ठाऊक होते की या घरातल्या दिवंगत आजोबांकडे बंदूक होती. ते ओरडले, ‘‘आत गोळ्या सुटताहेत, सगळे खाली या.’’ सगळे खाली गेले. दोन्ही तरुणही गेले. फाटकही आतून लावून घेण्यात आले, कारण गोळी रस्त्यापर्यंत येईल अशी कोणालातरी भीती वाटली.

आजींना बाहेर काढण्यात आले ते त्यानंतर चौदा मिनिटांनी, अग्निशमन दलाच्या जवानांकडून. त्यांच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती आणि कुठली इजाही नव्हती. धुराने मात्र त्यांना पाच दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. आज त्या बऱ्या आहेत, पण बोलताना मध्येच त्यांना दम लागतो, आणि हा दम मला या साऱ्या प्रकरणाच्या मध्यभागी ठेवावासा वाटतो, कारण ज्या गोष्टीला सगळे घाबरले तिने त्यांना धक्काही लावला नाही, आणि जिच्याकडे त्या चौदा मिनिटांत कोणाचे लक्ष नव्हते तिने त्यांची फुप्फुसे दुखावली.

मी शेजारच्या इमारतीत राहतो. दारूगोळ्याच्या तपासणीच्या कामात माझी नोकरीची वर्षे गेली, त्यामुळे पोलिसांचा पंचनामा झाल्यावर सोसायटीच्या समितीने आणि त्या कुटुंबाने मला खोली पाहून टिपण लिहिण्याची विनंती केली. ते टिपण कुटुंबाच्या संमतीने, नावे गाळून, येथे विस्ताराने मांडत आहे.

खोलीत काय सापडले

आजोबांची मुळशी तालुक्यात शेती होती आणि रानडुकरांपासून पिकाच्या संरक्षणासाठी त्यांनी बारा बोअरची दुनळी बंदूक परवान्यावर घेतली होती. पुढे त्यांनी .३२ चे एक रिव्हॉल्व्हरही घेतले. त्यांच्या निधनानंतर सुनेने दोन्ही शस्त्रे रीतसर जमा केली आणि पावती जपून ठेवली. काडतुसे मात्र राहून गेली. .३२ ची काडतुसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती, बारा बोअरची त्यांच्या मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि हे दोन्ही कपाटाच्या वरच्या फळीवर लोकरीच्या कपड्यांमागे होते. आजोबा हिशेबी होते. वहीत त्यांनी प्रत्येक खरेदी आणि प्रत्येक बार लिहून ठेवला होता, आणि त्यानुसार शिल्लक .३२ ची एकतीस आणि बारा बोअरची तेवीस अशी एकूण ५४ होती.

डब्याचे झाकण उडून गादीच्या सांगाड्यावर पडले होते आणि डब्याच्या बाजू आतून बाहेर फुगल्या होत्या, पण एकाही बाजूला आरपार भोक नव्हते. बाँब शब्द ज्यांच्या तोंडी होता त्या प्रत्येकाला मी तो डबा दाखवला. साध्या पत्र्याच्या डब्यात जवळजवळ तीस काडतुसे फुटतात आणि तो पत्रा फाटत नाही, यातच बरेचसे उत्तर आले.

काडतुसांच्या पितळी पुंगळ्या, म्हणजे बाहेरची कवचे, उभ्या चिरलेल्या होत्या, काहींच्या तोंडाशी पाकळ्यांसारखा पत्रा उलगडला होता. गोळ्या बहुतेक डब्यातच किंवा कपाटाच्या पायथ्याशी राखेत होत्या, आणि सर्वांत लांब गेलेली गोळी कपाटापासून जेमतेम अडीच मीटरवर होती. समोरच्या भिंतीच्या गिलाव्यात एकही खड्डा नव्हता. उलट पुंगळ्यांचे तुकडे आणि पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या टोप्या लांब गेल्या होत्या. त्यांपैकी एक टोपी खोलीच्या प्लायवूडच्या दारात दोनेक मिलिमीटर रुतलेली सापडली आणि आणखी तीन ठिकाणी रंगाचे टवके उडालेले दिसले. दोन मिलिमीटर म्हणजे फार नव्हे, पण ती जागा माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर होती, ही नोंद मी मुद्दाम केली आहे.

गोळ्यांच्या अंगावर पिळाच्या खाचा नव्हत्या. रिव्हॉल्व्हरच्या नळीत आतून पीळ दिलेला असतो, त्यातून गेलेल्या गोळीवर त्याचे वळ उठतातच. टोप्यांवर घोड्याच्या टोच्याचा खळगाही नव्हता. या दोन खुणा नसल्या की ते काडतूस बंदुकीत उडालेले नाही, उष्णतेने फुटलेले आहे, असे निःशंकपणे म्हणता येते, आणि पंचनाम्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते, कारण घरात कोणी गोळीबार केला का असा प्रश्नही पहिल्या दिवशी विचारला गेला होता.

बारा बोअरच्या काडतुसांची गत वेगळी होती. त्यांचे प्लास्टिकचे अंग वितळून गेले होते, धातूची बुडे तेवढी राहिली होती, आणि छर्रे जिथल्या तिथे पडून एकमेकांत वितळले होते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. जळत्या खोलीच्या वरच्या भागात याहून कितीतरी जास्त तापमान सहज होते, म्हणून वरच्या फळीवर छऱ्यांचा गोळा होणे अपेक्षितच होते. ते छर्रे उडून कोणाला लागले असते तर ते असे एका जागी वितळलेले सापडले नसते.

असे का झाले

काडतूस चार गोष्टींचे असते : पितळी किंवा प्लास्टिकची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे. आजच्या काडतुसातली दारू ही नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची दारू असते. तिचा एक गुणधर्म लक्षात घेतला की बाकीचे आपोआप उलगडते. ती किती वेगाने जळेल हे तिच्यावर किती दाब आहे यावर अवलंबून असते. उघड्या थाळीत ती पिवळ्या ज्योतीने भुरुभुरु जळून जाते आणि आवाजही होत नाही. बंद जागेत वायू कोंडले की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, त्यामुळे दाब पुन्हा वाढतो. ही चढण पुरी होण्यासाठी चारी बाजूंनी पोलादी भिंत लागते, आणि ती भिंत म्हणजे बंदुकीचे चेंबर, काडतूस बसते ती पोकळी. .३२ च्या काडतुसासाठी चेंबरमधील दाबाची मान्य कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १५,००० पौंड, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट आहे. पातळ पितळी पुंगळी एकटी हा दाब पेलूच शकत नाही. बंदुकीत तिचे काम फक्त मागून वायू गळू न देण्याचे असते, जोर पोलाद सोसते.

पोलाद काढून घेतले की पुंगळी फार आधीच चिरते. वायू वाटेल तिकडून निसटतात, दाब कोसळतो, आणि दारूचे काही कण तर नुसते शिलगून बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट नळीची. गोळी पुंगळीच्या तोंडात काही मिलिमीटर खोल बसवलेली असते. बंदुकीत पुंगळीतून सुटल्यावरही वायू तिला नळीच्या टोकापर्यंत ढकलत राहतात. तीन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्येसुद्धा हे अंतर काडतुसातल्या त्या काही मिलिमीटरांच्या अनेक पट आहे. मोकळ्या काडतुसात गोळी तोंडातून निसटली की ढकलणारे काही उरतच नाही.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि हीच मला लोकांना समजावताना सर्वांत उपयोगी पडली. .३२ ची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास असते. बंदुकीत पुंगळीच्या मागे अर्धा-पाऊण किलोचे शस्त्र आणि ते धरणारा हात असतो, म्हणून धक्क्याचा सारा वेग गोळीच्या वाट्याला येतो. मोकळ्या काडतुसाच्या मागे काहीच नसते. गोळी जड आणि पुंगळी हलकी, त्यामुळे जे हलके तेच जोरात उडते. म्हणूनच त्या खोलीत गोळ्या पायथ्याशी पडल्या आणि टोप्या दारापर्यंत गेल्या.

आकड्यात सांगायचे तर .३२ च्या काडतुसात दारू साधारण ०.१५ ग्रॅम असते. एका ग्रॅम बिनधुराच्या दारूत साडेतीन ते चार हजार ज्यूल उष्णता दडलेली असते, म्हणजे एका काडतुसात साडेपाचशे-सहाशे ज्यूल. त्यातले सुमारे दीडशे ज्यूल रिव्हॉल्व्हर गोळीच्या अंगी उतरवते. इतके चांगले यंत्र हाती असूनही पाऊण वाटा उष्णतेत आणि आवाजात जातो. यंत्रच नसेल तर जवळजवळ सगळेच उष्णतेत आणि आवाजात जाते, आणि जिन्यातल्या लोकांनी ऐकला तो हाच आवाज. आवाज मोठा असतो, तो खरा असतो, पण गोळीचा वेग किती हे त्यावरून कळत नाही.

आवाज एकदम न येता थांबून थांबून का आले, हेही सांगायला हवे. काडतूस फुटायला ते स्वतः तापावे लागते, साधारण १३० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी, बनावटीनुसार. डब्याच्या कडेची आधी तापतात, मधली मागाहून, आणि एक फुटल्याने शेजारचे फुटत नाही. कढईत लाह्या फुटाव्यात तशी ती एकेक फुटत जातात. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गवारीत बंदुकीच्या साध्या काडतुसांना १.४ एस हा वर्ग दिला जातो तो यासाठीच. या वर्गाचा अर्थ असा की अपघाताने पेट घेतला तरी परिणाम खोक्यापुरता राहावा आणि जवळ जाऊन आग विझवण्यात मोठा अडथळा येऊ नये. अमेरिकेतील काडतूस व क्रीडा-शस्त्र उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने २०१२ च्या सुमारास सुमारे चार लाख काडतुसे वापरून याच प्रश्नाच्या चाचण्या केल्या. खोकी ६५ फुटांवरून टाकली, त्यांवरून बुलडोझर नेला, लाकडाच्या ढिगावर ठेवून जाळली. कुठेही सगळा साठा एकदम उडाला नाही, आणि अग्निशमन जवानाचा नेहमीचा पूर्ण पोशाख उडणाऱ्या तुकड्यांपासून संरक्षण देण्यास पुरेसा ठरला.

मराठीत या दोन घटनांसाठी आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदे आहेतच. गोळी सुटते ती नळीतून. नळीबाहेर काडतूस फुटते. जिन्यातले ते वयस्क गृहस्थ ‘काडतुसे फुटताहेत’ असे ओरडले असते, तर लोक कदाचित तरीही घाबरले असते, पण निदान ऐकणाऱ्याला खरे ते ऐकू आले असते. दारू या शब्दाने मात्र आपली अडचण केली आहे. शोभेची दारू, ठासणीच्या बंदुकीची काळी दारू, काडतुसातली बिनधुराची दारू आणि तोफगोळ्यातले स्फोटक, या सगळ्यांना आपण एकाच नावाने ओळखतो आणि मग सगळ्यांना एकाच मापाने घाबरतो.

भीती कोठून येते

त्या शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांचे वडील १९४४ साली मुंबईत होते. त्या वर्षी १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्यांसोबत सुमारे १,४०० टन स्फोटके होती. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान स्फोटात गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो. घरात ही कथा ऐकत वाढलेल्या माणसाला ‘आगीत दारूगोळा’ म्हटले की दुसरे काय आठवणार? पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराची आगही फार जुनी नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याने पेट घेतला आणि अधिकाऱ्यांसह भांडाराचे अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले.

या दोन्ही ठिकाणी जे होते ते स्फोटक होते, म्हणजे तोफगोळे, बाँब, सुरुंग, ज्यांच्या पोटातला माल जळण्यासाठी नव्हे तर एका क्षणात फाटण्यासाठीच बनवलेला असतो, आणि ज्यांत एक गेला की शेजारचाही जातो. त्याच्यापासून दूर पळणे हेच शहाणपण आहे. लष्करी सराव-क्षेत्रांच्या आसपास भंगार म्हणून गोळे उचलणाऱ्यांना मी आयुष्यभर हेच सांगत आलो. बंदुकीच्या काडतुसाला तोच नियम लावला की काय होते ते सहकारनगरात दिसले. ज्या शहरात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची संस्था आहे आणि घरटी नाही तरी गल्लीटी एखादा त्या कामातला माणूस आहे, तिथे हा फरक जिन्यात उभ्या असलेल्या एकालाही सांगता आला नाही, याचे मला फार वाईट वाटते. मी स्वतः त्या वेळी घरी नव्हतो.

ज्या एका गोष्टीने सगळे बदलले असते

इथपर्यंत वाचून कोणी असे समजेल की आगीतल्या काडतुसाला भिण्याचे कारणच नाही, तर तो माझ्या लिहिण्याचा दोष ठरेल. जवळ असलेल्या माणसाचा डोळा एका टोपीने जाऊ शकतो. रायफलच्या काडतुसात दारू बरीच जास्त आणि पुंगळीची भिंत जाड, त्यामुळे तिचे तुकडे अधिक जोरात उडतात. लोखंडी पेटीत किंवा घट्ट झाकणाच्या जाड डब्यात वायू कोंडले तर पेटीच फाटू शकते. सुटी काळी दारू घरात असेल तर प्रकरण वेगळेच होते, कारण ती उघड्यावरही झपाट्याने पेटते.

पण खरा धोका याहून वेगळ्या ठिकाणी आहे. बंदूक भरलेली असेल आणि ती आगीत तापली, तर चेंबरमधले काडतूस घोडा न दाबताही उडते, आणि त्या वेळी पोलाद आहे, नळी आहे, पीळ आहे, सगळे यंत्र जागेवर आहे. ती गोळी पूर्ण वेगाने, बंदुकीचे तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला जाते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात काडतुसांसाठी अनेक घरे, म्हणजे कप्पे, असतात. त्यांपैकी नळीसमोरच्या घरातली गोळी अशी जाते, आणि बाकीच्या घरांतल्या गोळ्याही चक्राच्या पोलादातून आल्यामुळे मोकळ्या काडतुसापेक्षा कितीतरी जास्त जोर घेऊन पुढून बाहेर पडतात. कपाटात पडलेली पन्नास मोकळी काडतुसे आणि उशीखाली ठेवलेले एक भरलेले रिव्हॉल्व्हर, यांत मला निवडायला सांगितले तर मी पन्नास काडतुसांच्या खोलीच्या दारात उभा राहीन, पण दुसऱ्या खोलीसमोर उभा राहणार नाही.

म्हणून त्या दुपारी विचारण्याजोगा प्रश्न एकच होता : शस्त्र घरात आहे का, आणि ते भरलेले आहे का? हा प्रश्न प्रथम विचारला तो बंबावरून उतरलेल्या अधिकाऱ्यांनी, आणि त्यासाठी मी त्यांचा मनापासून आदर करतो. लोकांनी त्यांना ‘गोळ्या सुटताहेत’ एवढेच सांगितले होते. त्यांनी मुलाला फोन लावायला सांगितला. मुलगा मात्र गप्प राहिला. वडिलांचा परवाना संपलेला, काडतुसे घरात राहिलेली, आणि फोनवर गणवेशातला माणूस. तो म्हणाला, ‘‘मला नक्की माहीत नाही, बघावे लागेल.’’ हे उत्तर त्याला आजही सलते आणि माझ्याशी बोलताना त्याचे डोळे भरून आले. सुनेने हिंजवडीहून स्वतः फोन केला आणि स्पष्ट सांगितले की दोन्ही शस्त्रे जमा आहेत, घरात फक्त काडतुसे असतील, वरच्या फळीवर, आणि सासूबाई मागच्या खोलीत आहेत. हे कळल्यावर जवान श्वसनयंत्र लावून, चेहऱ्यावर काच ओढून आत गेले. त्यांनी आधी जळत्या खोलीचे दार ओढून घेतले आणि मग आजींना उचलून आणले. काडतुसे तेव्हाही फुटतच होती.

दार ओढून घेणे ही कृती जरा थांबून पाहण्यासारखी आहे. तिने धूर अडला, आगीला मिळणारी हवा कमी झाली, आणि तुकडे अडले. ज्या दारात ती टोपी रुतलेली सापडली ते हेच दार. पहिल्या तरुणांनी धुरात आत जायला हवे होते असे मी म्हणणार नाही. श्वसनयंत्राशिवाय धुरात शिरणे हा स्वतःच मोठा धोका आहे आणि तो पत्करायला मी कोणालाही सांगणार नाही. पण त्या क्षणी धूर छतालगत होता, आणि ते दार उंबऱ्यापासून दहा पावलांवर होते. ते लोटून घेतले असते आणि फाटक उघडे ठेवून बंबाला वाट दिली असती, तरी आजींच्या खोलीत एवढा धूर भरला नसता असे माझे मत आहे.

मुलाच्या गप्प राहण्यामागच्या भीतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. परवानाधारकाच्या निधनानंतर काडतुसे घरात ठेवणे कायद्याला मान्य नाही, आणि ही भीती निराधार नव्हती. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ मध्ये यावरची वाटही दिलेली आहे : ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र किंवा दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा. या कलमात दारूगोळ्याचा उल्लेख शस्त्राच्या बरोबरीने आहे. सुनेने शस्त्रे नेली त्या दिवशी वही तिच्या हाती असती, तर काडतुसेही गेली असती. वही मात्र आजोबांच्या शेतीच्या कागदांत होती.

पोलिसांनी काडतुसांबाबत स्वतंत्र नोंद केली आणि कुटुंबाने वही, पावती, सगळे स्वतःहून दिले.

हिशेब

वहीत ५४ होती. मी राख चाळून मोजली. .३२ ची एकतीसपैकी एकोणतीस फुटलेली आणि दोन न फुटलेली मिळाली. बारा बोअरची एकोणीस बुडे आणि तीन अखंड काडतुसे मिळाली. एक कमी होते. पुन्हा चाळली, कपाटाची फळी उलटून पाहिली, तरी बावीसच.

अखंड राहिलेले काडतूस हे मला फुटलेल्यापेक्षा जास्त त्रास देते. आगीने तापून न फुटलेल्या दारूची घडण बिघडलेली असते, तिला टिकवणारे रसायन खर्ची पडलेले असते, आणि टोपी मात्र शाबूत असते. बंदुकीत ते वापरणे धोक्याचे आहे. पण त्याहून धोक्याचे म्हणजे ते कोणा मुलाच्या हाती लागणे. दगडाने ठोकलेले काडतूस त्या खोलीतल्यासारखेच फुटते, पितळ आणि टोपी तशीच उडते, फरक इतकाच की तेव्हा बोटे त्याच्यावर असतात आणि डोळे हातभर अंतरावर.

मी समितीला सांगितले की प्रत्येक घरी विचारा, रागावू नका, फक्त विचारा. त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरील एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात पोळ्यांचा डबा होता आणि डब्यात फडक्यावर ठेवलेले बारा बोअरचे एक काडतूस, एका बाजूने प्लास्टिक काळवंडलेले. राडारोडा खाली आणताना त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने ते उचलले होते आणि तीन दिवस दप्तरात ठेवले होते. मुलगा आईच्या मागे उभा होता. त्याने विचारले, ‘‘आजोबा, हे फुटलं असतं का?’’ मी त्याला खोटे सांगितले नाही. ठोकलेस तर फुटले असते, म्हणालो, आणि दारात रुतलेल्या टोपीचे छायाचित्र त्याला दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले.

पोलिस ठाण्यात त्या तेविसाव्या काडतुसाची पुरवणी नोंद झाली, आणि तो डबा त्या बाईंनी परत नेला नाही.